गोधडी : आपल्या घरातला जुना इतिहास



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी सरळ नाही म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लिहिणे म्हणजे वाण्याची यादी आणि माहेरचे पत्र, यापलीकडे कधी गेले नाही. त्यावर त्या म्हणाल्या, “तुम्ही गोधड्या शिवता ना? मग गोधडीचाच इतिहास लिहा.” मला हसू आले. इतिहास राजांचा असतो, किल्ल्यांचा असतो. गोधडीला कसला आला आहे इतिहास? पण घरी येऊन कपाटातली जुनी गोधडी काढली आणि एकेका ठिगळावरून हात फिरवू लागले, तेव्हा वाटले की चिटणीसबाईंचे काही चुकले नाही. मग वाचनालयातून पुस्तके आणली, जाणत्यांना विचारले, आणि जे समजले ते आपल्यापुढे ठेवीत आहे.

आपले सातपूर पूर्वी त्र्यंबकच्या रस्त्यावरचे एक शेतकरी खेडे होते. १९६२ साली महाराष्ट्रात औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्यानंतर येथे कारखाने आले आणि कारखान्यांमागे आपली माणसे आली. आज अशोकनगर, श्रमिकनगर भागात एका गल्लीत खानदेशची, मराठवाड्याची, वऱ्हाडाची आणि घाटावरची बिऱ्हाडे शेजारी शेजारी नांदतात. भाजीच्या फोडणीपासून सगळे निराळे, पण गोधडी सर्वांच्या घरी आहे. कोणी तिला वाकळ म्हणते, चार घड्यांची असली तर चौघडी म्हणते. कर्नाटकाच्या सीमेकडे तिलाच कौदी म्हणतात. तान्ह्या बाळाची असली की ती दुपटे होते. नावे वेगळी, पण काम एकच. जुने झालेले कापड एकावर एक घालायचे आणि धावदोऱ्याने एकजीव करायचे.

हे काम किती जुने असेल? सिंधू नदीकाठच्या मोहेंजोदडो शहराच्या उत्खननात चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला सुती कापडाचा तुकडा सापडला. तो चार हजार वर्षांहून जुना आहे. तितके लांब जायला नको असेल तर शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेकाठी नेवासे आहे. तेथे १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया यांनी उत्खनन केले. एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली आणि त्या मण्यांत दोऱ्याचा अंश शिल्लक होता. तीन हजार वर्षांहून जुना दोरा! मुलाच्या गळ्यात ती माळ कोणी ओवून घातली हे कोणालाच ठाऊक नाही. मला मात्र वाचताना त्याची आईच दिसली.

आता आपल्या अगदी जवळची गोष्ट सांगते. मागे आपल्या मंडळाची सहल पांडवलेण्यांना गेली होती. पुष्कळ भगिनींनी पायऱ्या चढून दम लागल्यावर डबेच आधी उघडले, आणि मीही त्यांच्यातच होते. पण आपल्याबरोबर आलेल्या गुरुजींनी दहाव्या लेण्यातला एक लेख समजावून सांगितला, तो माझ्या मनात घर करून राहिला. नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याने इ. स. १२० च्या सुमारास हे लेणे भिक्षूंना दिले आणि त्यांच्या खर्चासाठी तीन हजार कार्षापण कायमचे ठेवले. हे पैसे त्याने कोठे ठेवले? गोवर्धन येथे राहणाऱ्या विणकरांच्या श्रेणींकडे! श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा संघ. हे गोवर्धन म्हणजे आपल्या गंगापूरजवळचे गोवर्धन, सातपूरपासून हाकेच्या अंतरावर म्हटले तरी चालेल.

दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने ठेवले. मुद्दल परत मागायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. मी घरी येऊन हिशेब मांडला. दोन हजारांचे महिन्याचे व्याज वीस, वर्षाचे दोनशे चाळीस. वीस भिक्षूंना बारा बारा म्हणजे दोनशे चाळीसच! एक कवडीचा फरक नाही. बचत गटाची वही लिहिणाऱ्या आपल्या भगिनींना या हिशेबाचे कौतुक वाटल्याशिवाय राहणार नाही.

या चीवराचा आणि गोधडीचा जवळचा संबंध आहे. भिक्षूंनी टाकलेल्या चिंध्या गोळा करून, धुऊन, शिवून वापराव्यात अशी जुनी चाल होती. पुढे भगवान बुद्धांनी मगध देशातली बांधाबांधांनी आखलेली शेते पाहिली आणि आनंदाला तशाच आखणीचे चीवर करायला सांगितले. म्हणून भिक्षूंचे चीवर तुकडे जोडून केलेले असते. विनयाच्या नियमांत आणखी एक गोष्ट आहे. वरची संघाटी नव्या कापडाची असेल तर दुहेरी करावी आणि जुन्या, झिजलेल्या कापडाची असेल तर चौपदरी करावी. जुन्या कापडाचे चार पदर म्हणजे आपली चौघडीच नव्हे काय? जे आपली आजी सांगत असे तेच अडीच हजार वर्षांपूर्वीच्या शिकवणुकीत आहे. झिजलेल्या कापडाला एकट्याने थंडी झेपत नाही, त्याला सोबत लागते.

हिंदू साधूंतही हीच परंपरा दिसते. नाथपंथी जोग्यांची कंथा ही ठिगळांचीच. निवृत्तिनाथांना गहिनीनाथांचा उपदेश आपल्या त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर मिळाला असे सांगतात. पौषातल्या त्यांच्या यात्रेला सातपूरवरून दिंड्या जातात, त्या आपण दरवर्षी पाहतो. कडाक्याच्या थंडीत वारकरी बायांच्या डोक्यावरच्या गाठोड्यात एक तरी वाकळ असतेच. आणि गाडगेबाबांना कोण विसरेल? अंगावर ठिगळे लावलेल्या चिंध्या असत, म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. १८७६ ते १९५६ असे त्यांचे आयुष्य. दुसऱ्यांसाठी त्यांनी नाशिक, पंढरपूर, आळंदी येथे मोठ्या धर्मशाळा बांधल्या आणि स्वतः मात्र चिंध्यांतच राहिले.

पूर्वी आपल्याकडे शिवलेले कपडे थोडे. लुगडे, धोतर, उपरणे यांना कात्री लागत नसे. अंगरखा शिवायचे काम शिंप्याचे. संत नामदेव महाराज याच समाजातले. बाया घरी खणाची चोळी हाताने शिवीत, बाळाची झबली-टोपडी-कुंची शिवीत आणि गोधड्या शिवीत. मला वाटते, शिंप्याच्या हातात नवे कापड येई आणि बाईच्या हातात जुने. म्हणूनच एकाची मजुरी ठरली आणि दुसरीची कधी ठरली नाही.

गोधडीत पडणारे कापड कोठून येई, यातही इतिहास आहे. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५६ साली चालू झाली. आपल्या जिल्ह्यातल्या मालेगावी १८५७ नंतरच्या धामधुमीत उत्तरेकडून मोमीन विणकर येऊन वसले आणि त्यांची लुगडी खेडोपाडी पोहोचली. येवल्याची पैठणी गोधडीत जात नाही, ती ट्रंकेतच राहते. गोधडीत जाते ती रोज नेसलेली मालेगावची सुती साडी आणि गिरणीचे धोतर. १९४३ साली महायुद्धाच्या काळात सरकारने कापडावर नियंत्रण आणले. त्या दिवसांत नवे कापड मिळणे इतके कठीण झाले होते की गोधडी उसवून तिच्यातले बरे पदर काढून पोरांना झबली शिवली, असे माझ्या सासूबाईंच्या आई सांगत. म्हणजे गोधडी हे नुसते पांघरूण नव्हते, अडीअडचणीची ठेवही होती.

शिवणकाम शिकविण्याच्या संस्थाही याच काळात वाढल्या. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये निराधार स्त्रियांना हातकामे शिकविली. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केले. तेथील शिवणाच्या वर्गाने कितीतरी विधवा भगिनींना स्वतःच्या पायावर उभे केले. शिवणाचे मशीन मात्र परदेशातून आले. अमेरिकेत एलियास होव यांनी १८४६ साली आणि सिंगर यांनी १८५१ साली आपापल्या मशीनचे पेटंट घेतले. १९३० नंतर कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ मशीन काढले आणि मशीन मध्यम घरांत येऊ लागले. गांधीजी यंत्रांच्या विरुद्ध, पण १९२४ साली एका मुलाखतीत त्यांनी शिवणयंत्राला सूट दिली. बायको हाताने शिवून थकते हे पाहून सिंगरने प्रेमापोटी ते यंत्र शोधले, असे त्यांनी सांगितले. गोष्ट खरी किती ते असो, पण बायकोचे थकणे कोणाच्या तरी ध्यानात आले असे म्हणण्यातही समाधान आहे.

आता घरची एक गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचे सांगता यायचे नाही.

२००३ सालचे दिवस. मला पहिल्यांदा दिवस गेले होते. सासूबाई गावी गेल्या होत्या. दारात बोहारीण आली. माझ्या नव्या संसारात झाकणाचे स्टीलचे मोठे पातेले नव्हते. कोपऱ्यातल्या ट्रंकेत सासूबाईंची चार जुनी लुगडी घडी घालून पडलेली होती. कोणी नेसत नाही, नुसती जागा अडवतात, असे मला वाटले. मी ती बोहारणीला दिली. वर दोन शर्ट घालावे लागले, आणि पातेले घेतले. मोठा व्यवहार केला अशा थाटात मी ते फळीवर मांडले.

आठ दिवसांनी सासूबाई आल्या. त्यांनी ट्रंक उघडली, बंद केली. पातेल्याकडे पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, “बुडाला जाड आहे. दूध लागणार नाही.” त्या हिवाळ्यात त्यांनी स्वतःच्या नेसणीतल्या दोन साड्या काढून बाळासाठी दुपटे शिवले. मुलगी झाल्यावर पुष्कळ महिन्यांनी शेजारच्या आजींकडून मला समजले की त्या चार लुगड्यांतले एक सासूबाईंच्या आईचे होते, आणि एक त्यांनी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जाताना नेसलेले. नातवंड झाले की त्यांची गोधडी करायची म्हणून त्या तीस वर्षे ती जपून ठेवत आल्या होत्या.

मी सासूबाईंजवळ गेले आणि रडले. त्या म्हणाल्या, “अगं, कापड होतं. गेलं.” नंतर कधी त्यांनी तो विषय काढला नाही. पण दुसऱ्या दिवशी मला शेजारी बसवून त्यांनी माझ्या हातात सुई दिली. गोधडी मी अशी शिकले. आज त्या नाहीत. ते दुपटे आहे.

त्यांनी शिकविलेले आणि पुढे अनुभवाने कळलेले असे थोडे येथे देते. नव्याने शिवणाऱ्या भगिनींना उपयोग होईल.

कापड सुतीच घ्यावे. १९६० नंतर नायलॉन, टेरिलीनच्या साड्या घरोघर आल्या. त्या फाटत नाहीत म्हणून आपण खूश झालो, पण त्या घाम शोषत नाहीत आणि धुताना पदरावर पदर सरकतात. वर शोभेला एखादी घ्यायची तर घ्या, आत मुळीच घालू नका. सर्व कापड आधी धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून घ्यावे, नाहीतर पहिल्या धुण्यात एक पदर आटतो आणि गोधडीला फुगे येतात. काज, गुंडी, जाड शिवण काढून टाकावी, कारण सुई तेथेच मोडते.

गोधडी पलंगावर शिवू नये. स्वच्छ जमिनीवर खालचा पदर अंथरून चारी कोपऱ्यांवर वजन ठेवावे. मध्ये जुने तुकडे घालताना एकाची कड दुसऱ्यावर चार बोटे चढवावी, म्हणजे पोकळी राहत नाही. नाशिकच्या थंडीला आतले-बाहेरचे मिळून पाच-सहा पदर पुरतात. त्याहून जास्त घातले तर गोधडी धुताना उचलत नाही. वरचा पदर घातल्यावर हात-हातभर अंतरावर कच्चे टाके घालून सगळे बांधून घ्यावे. हे कंटाळवाणे काम पुष्कळजणी टाळतात आणि मग गोधडी तिरकी झाली म्हणून दोऱ्याला बोल लावतात.

दोरा हातभरच घ्यावा. लांब घेतला तर गुंता होतो आणि वेळ वाचण्याऐवजी जातो. मेणबत्तीवरून एकदा ओढून घेतला तर सरळ चालतो. धावदोरा कडेपासून सुरू करून चौकटीने फिरत फिरत आत यावे. दोन ओळींत बोटभर अंतर ठेवावे. टाका गव्हाच्या दाण्याएवढा आला की पुरे. बाळाच्या दुपट्याला गाठ कधीही वर ठेवू नये, ती दोन पदरांच्या मध्ये लपवावी, कारण तान्ह्याच्या पाठीला तीळ टोचला तरी ते रडते. कडेला पट्टी लावायला मशीन चालेल. बाकी गोधडी मात्र हातानेच शिवावी. मशीनच्या टिपेने ती ताठ होते आणि अंगाला लपेटून बसत नाही. भोक पडले तर लगेच ठिगळ लावावे, गोधडीला ठिगळाची लाज नसते. वापरातली गोधडी आठवड्यातून एकदा कडक उन्हात टाकावी. आणि एकटीने शिवू नये. चौघी चार बाजूंना बसल्या तर आठ दिवसांचे काम दोन दिवसांत होते आणि मनही हलके होते.

गोधडी फक्त आपल्याकडेच आहे असेही नाही. बंगालमध्ये कंथा, बिहारमध्ये सुजनी, सिंध-राजस्थानकडे रल्ली. कर्नाटकात हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी समाजाच्या बाया कवंदी शिवतात. हे लोक मूळचे आफ्रिकेतले, त्यांतील पुष्कळांचे पूर्वज पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेले. त्या बाया कवंदीच्या चारी कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्यांचे ‘फुला’ लावतात आणि त्यावाचून कवंदी पुरी झाली असे मानीत नाहीत. जपानातल्या गरीब शेतकऱ्यांची ठिगळांची वस्त्रे, ज्यांना ‘बोरो’ म्हणतात, ती आज संग्रहालयांत ठेवली आहेत.

अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाचे खेडे आहे. गुलामांच्या वंशातल्या तिथल्या स्त्रिया कामाच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवीत. त्यांतल्या मिसूरी पेटवे या बाईने १९४२ साली नवरा वारल्यावर त्याच्याच शेतातल्या कपड्यांची गोधडी केली, ती पांघरून त्याची आठवण राहावी म्हणून. २००२ साली त्या गावच्या गोधड्या मोठ्या कलासंग्रहालयांत मांडल्या गेल्या आणि २००६ साली त्यांची टपाल तिकिटेही निघाली. त्या बाईचे नाव आज जगाला ठाऊक आहे. ते वाचून मला आनंद झाला, आणि थोडे वाईटही वाटले.

वाईट का वाटले ते सांगते. पांडवलेण्यांत उषवदाताचे नाव आहे. त्याची बायको दक्षमित्रा हिने खोली दान दिली, तिचेही नाव आहे. गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचे नाव आहे. दगडात कोरलेली ही नावे एकोणीसशे वर्षे टिकली. पण गोवर्धनच्या विणकरांच्या घरी ज्यांनी सूत काढले असेल त्या बायांचे एकही नाव नाही. आणि इतके लांब कशाला? आपल्या घरातल्या गोधड्या कोणी शिवल्या हे तरी आपल्या मुलांना ठाऊक आहे का? ठाऊक नसले की मग एखादी सून ट्रंक उघडते आणि पातेले घेते. तिचा दोष असतोच, पण तिला कोणी सांगितलेलेही नसते.

म्हणून माझी एक सूचना आहे. आता पुष्कळ बचत गट गोधड्या शिवून विकतात, शहरात त्यांना चांगली मागणी आहे, हे चांगलेच झाले. पण विकायची असो की घरची, यापुढे आपण शिवलेल्या प्रत्येक गोधडीच्या एका कोपऱ्यात शिवणारीचे नाव आणि साल दोऱ्याने घालावे. आत कोणाचे लुगडे आहे तेही घालता आले तर घालावे. चार अक्षरांना अर्धा तास लागत नाही. सासूबाईंनी शिवलेल्या दुपट्याच्या कोपऱ्यात मी त्यांचे नाव आणि ‘२००३’ हा आकडा गेल्या महिन्यात लाल दोऱ्याने घातला. अक्षर काही फार चांगले आले नाही. पण मुलीने ते वाचले, आणि त्या चार लुगड्यांची गोष्ट मी तिला पहिल्यांदा सांगितली. ऐकून घेतल्यावर तिने पातेले कोणते ते विचारले. मी दाखविले. दूध अजून त्यातच तापते.

लिहिता लिहिता लांबले. काही चुकले असेल तर भगिनींनी सांभाळून घ्यावे. संक्रांतीनंतर माझ्या अंगणात एक गोधडी घालायची आहे. ज्यांना शिकायचे असेल त्यांनी आपली सुई घेऊन यावे, दोरा मी देईन.